बक्षिसाचा मोबदला

दस्तऐवजांच्या भाषेत 'बक्षीसपत्र' हा शब्द अजून चालतो. बापाने मुलीच्या नावे घर करून दिले, की वकील बक्षीसपत्र करतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने बक्षिसाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात दोन गोष्टी मुख्य आहेत. देणाऱ्याने ते आपखुशीने व कोणताही मोबदला न घेता दिले पाहिजे, आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले पाहिजे. मोबदला आला की ते बक्षीस राहत नाही. तो सौदा होतो. कायदेपंडितांनी ही व्याख्या केली ती घरदार, दागदागिने यांच्यासाठी. परंतु मोबाइलच्या पडद्यावर 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे' अशी अक्षरे चमकू लागतात, तेव्हाही हीच व्याख्या हाताशी असावी असे आम्हांस वाटते. येथे मोबदला कोणता, आणि तो कोणाच्या पदरात पडतो, एवढेच विचारावयाचे.

या प्रश्नाला सर्वसाधारणपणे असे उत्तर मिळते की, हे लोक लबाड असतात, पैसे उकळतात, सावध राहावे. हे उत्तर चूक नाही, अपुरे आहे. कारण असल्या जाहिरातीला भुललेल्या कित्येकांचा त्या दिवशी एक रुपयाही जात नाही. त्यांनी नाव लिहिले, क्रमांक लिहिला, दोनचार ठिकाणी बोट टेकवले. बक्षीस काही आले नाही आणि ते विसरून गेले. मग काही दिवसांनी त्यांच्या फोनवर तारणाशिवाय कर्ज देणाऱ्यांचे, शेअरबाजारातील 'खात्रीच्या' सल्ल्याचे, घरबसल्या नोकरीचे संदेश येऊ लागतात, आणि दुपारच्या झोपेच्या वेळी अनोळखी क्रमांक वाजू लागतात. या दोन घटनांचा संबंध सहसा कोणी जोडीत नाही. आमचा आजचा विषय तो संबंध हाच आहे. बक्षीस खोटे असते; पण त्याला आपण दिलेले उत्तर खरे असते, आणि धंदा चालतो तो त्या उत्तराचा.

प्रथम जाहिरातीचे स्वरूप नीट पाहू. २०२१ साली टाटा समूहाच्या नावाने एक संदेश व्हॉट्सॲपवरून देशभर फिरला. समूहाच्या दीडशेव्या वर्धापनदिनानिमित्त काही प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यास मोटारगाडी जिंकण्याची संधी आहे, असा त्याचा आशय होता. आपली अशी कोणतीही योजना नाही असे टाटांनी जाहीर केले. वास्तविक टाटांच्या उद्योगाची स्थापना १८६८ ची. म्हणजे दीडशे वर्षे २०१८ मध्येच भरून गेली होती. त्याच साली ॲमेझॉनच्या तिसाव्या वर्धापनदिनाचा असाच एक संदेश फिरला. ती कंपनी १९९४ ची. तिला तीस वर्षे भरायला अजून तीन वर्षांचा अवकाश होता. वजाबाकी सर्वांना येते, पण आनंदाच्या बातमीची वजाबाकी कोणी करीत बसत नाही.

अशा संदेशातील दुव्यावर बोट ठेवले की एक पान उघडते. वर कंपनीचे बोधचिन्ह. खाली तीनचार प्रश्न. आपण या कंपनीला ओळखता काय, आपले वय काय, आपण स्त्री की पुरुष, आपल्याला ही कंपनी कशी वाटते. या प्रश्नांना चुकीचे उत्तरच नसते. कोणी विचारील, की मग ते विचारतात कशाला ? ते माहितीसाठी विचारलेले नसतात. ते आपल्याला उत्तर देण्याची सवय लागावी म्हणून असतात. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात घरोघर जाऊन एक प्रयोग केला होता. ज्या गृहस्थांनी आधी एखादी क्षुल्लक विनंती मान्य केली होती, ते पुढची मोठी आणि गैरसोयीची विनंतीही इतरांपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात मान्य करतात असे त्यांना आढळले. दारात पाय ठेवू दिला की माणूस घरात येतो. तीनचार निरुपद्रवी प्रश्न हा दारातला पाय होय.

प्रश्न संपले की नऊ पेट्या दिसतात आणि आपणांस तीन संधी मिळतात. पहिली पेटी रिकामी निघते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेटीत बक्षीस निघते. ही सारी मांडणी पानाच्या मागे आधीच लिहून ठेवलेली असते. आपण कोणतीही पेटी उघडली तरी पहिली रिकामीच असते. या रिकाम्या पेटीचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. पहिल्याच झटक्याला बक्षीस निघाले असते तर मनात शंका आली असती. एकदा हुकल्यामुळे खेळ खरा वाटतो आणि दुसऱ्यांदा मिळालेले आपल्या नशिबाचे वाटते. पानाच्या तळाशी 'मला कालच मिळाले' असे सांगणाऱ्या दहावीस माणसांचे अभिप्राय असतात. तेही त्याच हाताने लिहिलेले. वर एक घड्याळ उलटे धावत असते, म्हणजे विचार करण्यास सवड मिळू नये.

यानंतरची पायरी सर्वांत चतुर आहे. बक्षीस पक्के होण्यापूर्वी हा संदेश पाच गटांना किंवा वीस मित्रांना पाठवा, असे सांगितले जाते, आणि पाठवीत जावे तशी एक निळी पट्टी भरत जाते. म्हणजे टपालाचा खर्च आपणच करावयाचा आणि हमीही आपणच द्यावयाची. कंपनीच्या नावाने आलेल्या संदेशावर लोक संशय घेतील. पण भाच्याने पाठविलेल्या संदेशावर मावशी संशय घेत नाही. 'फसतात ते लोभी असतात' हे सुशिक्षितांचे आवडते वाक्य आम्हांस मान्य नाही ते यामुळेच. पुष्कळ वेळा तेथे लोभापेक्षा आपल्या माणसावरचा विश्वास अधिक असतो, आणि त्या विश्वासाचा येथे वापर होतो.

पान खरे की खोटे हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे, ती येथेच सांगून टाकतो. पानाचा पत्ता पडद्याच्या वरच्या पट्टीत असतो. त्यात आरंभीच्या जोडरेघा सोडून पुढे पहिली एकेरी तिरकी रेघ जेथे येते, तिच्या लगेच डावीकडचे टिंबांनी जोडलेले दोन किंवा तीन शब्द म्हणजे घराचा मालक. त्याच्याही डावीकडे जे काही लिहिले असेल ते भाडेकरूने लावलेल्या पाटीसारखे समजावे. तेथे टाटा, बाटा, स्टेट बँक, काय वाटेल ते लिहिता येते. कुलपाचे चित्र दिसले म्हणून निर्धास्त होण्याचेही कारण नाही. आपण लिहिलेला मजकूर वाटेत कोणी वाचणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते. मुक्कामाला कोण बसला आहे त्याच्या नीतीशी त्याचा संबंध नाही.

आता यात पैसा कोठे आहे ते पाहू. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ च्या मार्च महिन्यात २९ जणांविरुद्ध दाव्यांची एक मालिकाच दाखल केली. मोठमोठ्या दुकानांची हजार डॉलरपर्यंतची भेटपत्रे फुकट मिळतील असे सांगणारे १८ कोटींहून अधिक संदेश या मंडळींनी लोकांच्या फोनवर पाठविले, असा आयोगाचा आरोप होता. या दाव्यांतून धंद्याची जी रचना उघड झाली ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संदेश पाठविणारा एक. 'फुकट भेट' देणारे संकेतस्थळ चालविणारा दुसरा. आणि ज्याला नवे गिऱ्हाईक हवे आहे असा व्यापारी तिसरा. किती माणसांनी संकेतस्थळावर येऊन आपली माहिती भरली, यावर पाठविणाऱ्याचा मेहनताना ठरत असे. ती माहिती पुढे तिसऱ्याला विकली जाई. भेटपत्र मिळविण्यासाठी आणखी कित्येक योजनांत नाव नोंदवावे लागे. त्यांतल्या काहींत पैसे भरावे लागत, काहींत कर्जासाठी अर्ज करावा लागे. शेवटच्या पायरीपर्यंत पोचणे जवळजवळ अशक्य व्हावे अशीच ती शिडी होती. ती चढता चढता माणूस दमून मध्येच उतरे. परंतु तोवर प्रत्येक पायरीवर त्याने काही ना काही ठेवलेले असे.

या रचनेत कोणालाच आपण चोर आहोत असे वाटत नाही. पाठविणारा म्हणतो, मी फक्त संदेश पाठविले. संकेतस्थळवाला म्हणतो, अटी खाली बारीक अक्षरांत लिहिल्या होत्या. माहिती विकत घेणारा म्हणतो, मला तर ही नावे संमतीसह मिळाली. आमच्याकडे मॉलमध्ये, पेट्रोलपंपावर, वस्तूंच्या प्रदर्शनात 'लकी ड्रॉ' ची काचेची पेटी ठेवलेली असते, तिची जातकुळी हीच. चिठ्ठीवर नाव, क्रमांक, विवाहित की अविवाहित, मोटार आहे काय, मासिक उत्पन्न किती, एवढे सगळे लिहावयाचे असते. नशीब काढण्यासाठी उत्पन्नाचा आकडा कशाला हवा, हा प्रश्न चिठ्ठी भरताना सुचत नाही. पुढे फोन येतो, की आपणांस भेटवस्तू लागली आहे, परंतु पतिपत्नींनी मिळून अमुक हॉटेलात यावे. आणि तेथे सहलीच्या सभासदत्वावर तासदीड तासाचे व्याख्यान ऐकावे लागते, जे कोणत्याही व्याख्यानमालेतील व्याख्यानापेक्षा महाग पडते.

मुंबई राज्यात एके काळी शब्दकोड्यांचे असेच वेड पसरले होते, त्याची येथे आठवण होते. १९४८ साली मुंबई सरकारने बक्षिसांच्या स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. पुढे बंगळूरहून निघणाऱ्या व या राज्यात खपणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्यांवरून खटला उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ साली न्यायालयाने निर्णय दिला, की जुगाराच्या स्वरूपाची स्पर्धा ही घटनेने संरक्षण दिलेल्या व्यापारात मोडत नाही. त्याआधीच, १९५५ मध्ये, केंद्राने कायदा करून एका महिन्यात एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास बंदी घातली होती. तथापि त्या कोड्यांत एक गोष्ट उघड होती. कूपन आणि प्रवेश-फी पाठवावी लागे, ती पाठविणाऱ्याला दिसे, आणि आपण किती गमावले याचा हिशेब त्याला मांडता येई. हल्लीच्या बक्षिसाला प्रवेश-फी नसते. म्हणून काही गमावले आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

ते गमावलेले काय असते ? ते म्हणजे यादीतले स्थान. फोनक्रमांक ही तशी फार मौल्यवान वस्तू नव्हे. यंत्राला सांगितले तर ते दहा आकड्यांचे लाखो क्रमांक क्षणात तयार करील. परंतु त्यांतला कोणता चालू आहे, कोणाचा आहे, आणि मुख्य म्हणजे तो माणूस असल्या हाकेला ओ देतो की नाही, हे यंत्राला कळत नाही. ते आपण सांगतो. बक्षिसाच्या पानावर भरलेल्या माहितीचे मोल तिच्यातील नाव-गावात थोडे आणि 'याने उत्तर दिले' या शेऱ्यात फार असते. एपसिलॉन ही अमेरिकेतील ग्राहकांच्या माहितीचा व्यवहार करणारी मोठी कंपनी. तिने तीन कोटींहून अधिक लोकांची माहिती, वृद्धांना फसविणाऱ्या टोळ्यांना विकल्याच्या प्रकरणात, २०२१ च्या जानेवारीत पंधरा कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांतले पावणेतेरा कोटी फसलेल्यांच्या भरपाईसाठी होते. पूर्वी कोणत्या प्रकारच्या पत्रांना कोणी प्रतिसाद दिला यावरून पुढे कोण प्रतिसाद देईल याचे अंदाज बांधून नावे निवडली जात. आणि या गिऱ्हाइकांत खोट्या सोडती व खोटी बक्षिसे कळविणारेही होते. एखाद्या माणसाचा भोळेपणा हा असा रकान्यात मांडून विकला जावा, हे वाचून आम्हांस त्या सोडतीच्या खोटेपणापेक्षा अधिक वाईट वाटले.

यादी तयार करण्यासाठी आमिष लावण्याची ही विद्या काही संगणकाबरोबर जन्मली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात तुरुंगातील श्रीमंत कैद्याच्या नावाने पत्रे येत, पुरलेल्या धनाचा वाटा देऊ करीत, आणि आधी थोडी रक्कम मागत. मराठी वाचकाला तर मासिकांच्या मागल्या पानावरचे ते नऊ घरांचे कोडे आठवत असेल. अंक असे भरा की आडवी-उभी बेरीज पंधरा यावी. अचूक उत्तरास ट्रान्झिस्टर. उत्तर शाळकरी पोरालाही येई. ते यावे अशीच योजना होती. मग अभिनंदनाचे पत्र येई, आणि 'विजेत्यांसाठी खास सवलतीत' एक खोके व्ही. पी. ने दारात उभे राही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ले यांनी २०१२ साली एक लहानसा निबंध लिहिला. आफ्रिकेतल्या कोट्यवधींच्या वारशाची ती जुनी थाप हे ठक अजूनही इतक्या उघडउघड अविश्वसनीय रीतीने का मांडतात, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे, की हा वेडेपणा हेतुपुरस्सर आहे. पत्रे पाठविण्यास खर्च नाही. खर्च आहे तो उत्तर देणाऱ्याबरोबर पुढे आठवडेच्या आठवडे बोलत राहण्यात. तेव्हा अर्ध्या वाटेत शहाणा होणारा माणूस ठकाला नकोच असतो. थाप जितकी भडक, तितके चिकित्सक लोक आपण होऊन गळतात आणि चाळणीत हवे तेवढेच उरतात. संदेशातील अशुद्ध मराठी, वाकडेतिकडे बोधचिन्ह, चुकलेला वर्धापनदिन, या गोष्टींना आपण हसतो. पण त्याही चाळणीचेच काम करतात. आपल्या हसण्याने त्यांचे काही बिघडत नाही, उलट सोयच होते.

'स्पॅम' या शब्दाची कथा थोडक्यात सांगतो. डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे हे नाव. १९७० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी नाट्यप्रवेशात उपाहारगृहाच्या प्रत्येक पदार्थात तेच घातलेले असते आणि त्याच्या नावाच्या घोषात इतर बोलणे ऐकूच येईनासे होते. त्यावरून नको असलेल्या संदेशांना हे नाव पडले. असा पहिला संदेश १९७८ च्या मे महिन्यात एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अमेरिकेतील सुमारे चारशे पत्त्यांवर पाठविला. आणि जगभर ज्याने पहिला मोठा गदारोळ उठविला तो, १९९४ च्या एप्रिलमधला, दोन वकिलांचा संदेश अमेरिकेत वास्तव्याचा परवाना देणाऱ्या सोडतीविषयी होता. सोडत सरकारी आणि खरी होती. भाग घेण्यास वकील लागत नव्हता, हे मात्र संदेशात ठळकपणे येत नव्हते.

बोट टेकविल्यापासून संदेशांचा पूर येईपर्यंत काय घडते ? वाटा अनेक आहेत. त्यांतली एक बहुतेकांना अपरिचित असते, म्हणून तिच्यापासून आरंभ करू. बक्षिसाचे पान उघडताच 'आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी परवानगी द्या' असा चौकोन येतो. आपण 'अलाउ' वर बोट ठेवतो. प्रत्यक्षात ती परवानगी यंत्र नसल्याची नसून, या संकेतस्थळाने आपणांस वाटेल तेव्हा सूचना पाठवाव्या याची असते. त्यानंतर ते पान बंद केले तरी फोनच्या कोपऱ्यात रात्रंदिवस जाहिराती उगवू लागतात : फोनमध्ये विषाणू शिरला, पार्सल अडकले, आणखी एक बक्षीस लागले. लोक घाबरून फोन दुकानात नेतात आणि दुकानदार पैसे घेऊन सारा फोन पुसून देतो. वस्तुतः ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन या सदरात परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी असते. तिच्यातील अनोळखी नाव काढून टाकले की हा उपद्रव मिनिटात थांबतो.

दुसरी वाट संमतीची. व्यापारी संदेश नकोत असे १९०९ या क्रमांकावर कळविण्याची सोय आपल्याकडे आहे, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी ती अधिक काटेकोर केली. असे असून संदेश येतातच कसे, असा प्रश्न सात्त्विक संतापाने विचारला जातो. याचे एक कारण त्या नियमांतच आहे. आपण सर्वसाधारण नकार नोंदविला असला, तरी एखाद्या व्यापाऱ्याला स्पष्ट संमती दिलेली असेल तर त्याच्यापुरती ती संमती नकारावर मात करते. बक्षिसाच्या अर्जाखालील बारीक अक्षरांत, आधीच खूण केलेल्या चौकोनात, बहुधा हेच लिहिलेले असते : 'आमच्या व आमच्या भागीदारांच्या योजना मला कळविण्यास माझी हरकत नाही.' भागीदार किती, हे कोठेही लिहिलेले नसते. दुसरे कारण असे, की उपद्रव देणाऱ्यांपैकी पुष्कळ जण नोंदणी न करता साध्या दहा आकडी क्रमांकावरून किंवा व्हॉट्सॲपवरून येतात, आणि व्हॉट्सॲपचे संदेश या नियमांच्या कक्षेत येत नाहीत.

कित्येकांना असे वाटते, की आपण अर्ज अर्धवट भरून सोडून दिला, शेवटचे बटण दाबलेच नाही, तेव्हा आपण सुटलो. २०२२ साली युरोपातील संशोधकांनी गर्दीची एक लाख संकेतस्थळे तपासली. त्यांत युरोपातून पाहता १,८४४ आणि अमेरिकेतून पाहता २,९५० स्थळांवर असे आढळले, की रकान्यात टाइप केलेला ई-मेलचा पत्ता बटण दाबण्यापूर्वीच बाहेरच्या जाहिरात-कंपन्यांकडे जात होता. ती बक्षिसांची स्थळे नव्हती. नित्याच्या वापरातली, नावाजलेली होती. मग जेथे पत्ता गोळा करणे हाच एकमेव उद्योग, तेथील परिस्थितीची कल्पनाच केलेली बरी.

यादीत नाव गेल्यावर पुढचा अंक सुरू होतो, आणि येथे मात्र खरोखरीचे पैसे जातात. 'कौन बनेगा करोडपती' च्या नावाने पंचवीस लाखांची सोडत लागल्याचा संदेश गेल्या काही वर्षांत या देशात किती घरी गेला याची गणतीच नाही. त्यासोबत नटाचे छायाचित्र, शिक्के मारलेले प्रमाणपत्र, आणि गोड आवाजातली ध्वनिफीत असते. दिल्ली पोलिसांनी आणि केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने त्याबद्दल जाहीर इशारे दिले. 'बँक मॅनेजर' म्हणविणाऱ्या माणसाला फोन केला की तो प्रथम नोंदणीचे काही हजार मागतो, मग कर मागतो, मग चलन बदलण्याचा आकार मागतो. आणि प्रत्येक वेळी हा शेवटचाच हप्ता असतो. आधी भरलेले बुडू नये म्हणून पुढचे भरले जाते.

या कराविषयी कायदा काय म्हणतो हे माहीत असले तर बराच अनर्थ टळेल. सोडतीच्या बक्षिसावर आपल्याकडे तीस टक्के कर आहे. पण रोख बक्षीस असेल तर देणाराच तो कापून उरलेली रक्कम हाती ठेवतो. विजेत्याने आधी कर भरावा आणि मग रक्कम न्यावी, असा व्यवहार रोख बक्षिसात नसतो. मोटारीसारखी वस्तू असेल तर कर भरला गेल्याशिवाय ती देता येत नाही हे खरे, परंतु तो कर सरकारच्या तिजोरीत जातो. कोणा व्यक्तीच्या बँकखात्यात नव्हे. परदेशी सोडतीत भाग घेण्यासाठी येथून पैसे पाठविणे तर परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनी साफ निषिद्ध आहे. म्हणजे लंडनची लॉटरी खरोखरच लागली आहे असे क्षणभर मानले, तरी ती घेण्यासाठी पैसे पाठविणारा नियमभंगच करीत असतो.

आणि पैसे गेल्यानंतरही यादी संपत नाही. 'आपली फसवणूक झाल्याचे आम्हांस कळले आहे. आम्ही ती रक्कम परत मिळवून देतो' असा फोन येतो. हा माणूस पोलीस, वकील किंवा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी म्हणून बोलतो. रकमेचा आकडा, तारीख त्याला बिनचूक ठाऊक असते, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. ते त्याला ठाऊक कसे, याचे उत्तर उघड आहे. परंतु ज्याने घरच्यांपासून ही गोष्ट लपवून ठेवलेली असते त्या म्हाताऱ्या माणसाला विचारायला कोणीच नसते. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात ठकाचा सर्वांत मोठा साहाय्यक असेल तर तो घरातला उपहास होय. 'तुम्हांला एवढेही कळले नाही ?' असे मुलाने एकदा म्हटले, की पुढच्या वेळी वडील त्याला सांगत नाहीत. वास्तविक पैसे गेल्यानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविले तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठविता येण्याचा संभव असतो. तेच तास लाजेपायी वाया जातात.

पैसे न गेलेल्यांचेही नुकसान होतेच. बँकेचे खरे पत्र, रुग्णालयाचा निरोप, वीजबिलाची सूचना, हे सारे त्याच पेटीत येते जिच्यात दिवसाला दहा खोटी बक्षिसे पडतात. लोक अनोळखी क्रमांक उचलणेच बंद करतात. आणि मग ज्याने अपघातात सापडलेल्या आपल्या माणसाच्या फोनवरून नव्हे, तर स्वतःच्या फोनवरून आपणांस कळविण्याची तसदी घेतली, त्याचाही फोन वाजून वाजून बंद होतो.

मग ज्याने उत्तर देऊन टाकले आहे त्याने काय करावे ? एकदा गेलेला क्रमांक यादीतून परत आणता येत नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याचा संदेश असेल तर त्यातील नकाराची सोय जरूर वापरावी. अशा प्रेषकाच्या नावाअखेर २०२५ पासून एक अक्षर असते, आणि प्रचाराच्या संदेशाला 'पी' लागतो. त्याविरुद्ध तक्रार करावयाची मुदतही त्याच साली तीन दिवसांवरून सात दिवस केली आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सांगतो, की संमती जितक्या सुलभतेने घेतली तितक्याच सुलभतेने ती परत घेता आली पाहिजे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधनांसाठी तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. परंतु कायद्याचा हात पोचतो तो ज्याला पत्ता आहे त्याच्यापर्यंत. ज्याला पत्ता नाही त्याला नकारही कळवू नये, शिव्याही देऊ नयेत; कारण 'मला पुन्हा त्रास देऊ नका' हेही त्याच्या दृष्टीने एक उत्तरच असते, आणि नावापुढे तशी नोंद होते. तेथे क्रमांक अडवून गप्प बसावे. या बाजारात ताज्या नावाला भाव असतो. जे नाव बरेच दिवस काही बोलत नाही ते शिळे ठरते, आणि शिळ्या नावांच्या याद्या फार स्वस्तात विकल्या जातात.